जवळच्या माणसांना कळवा

इस्पितळाच्या भाषेत काही वाक्ये अशी आहेत की त्यांचा खरा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. रात्रीच्या फेरीत तापाचा तक्ता भरता भरता वॉर्डातील परिचारिका खाटेशेजारी बसलेल्या मुलाला हळूच म्हणते, "कुणाला बोलावून घ्यायचं असेल तर घ्या." एवढेच. त्यात मृत्यू हा शब्द नाही, आजाराचे नाव नाही, किती तास उरले याचा हिशेब नाही. तरीही ऐकणाऱ्याला सारे कळते आणि तो उठून फोनकडे जातो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या कुटुंबांपैकी हे वाक्य ज्याने ऐकले नाही असे कुटुंब क्वचितच असेल. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येतात आणि सविस्तर सांगतात. परंतु बातमी आदल्या रात्रीच पोहोचलेली असते.

हे सांगण्याचा अधिकार परिचारिकेला कुणी दिला? आयुष्य शासकीय नोकरीत गेल्यामुळे 'सक्षम प्राधिकारी कोण' हा प्रश्न आम्हांस सर्वप्रथम सुचतो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या रुग्णालयीन इतिहासात या कामाचा सक्षम प्राधिकारी कागदोपत्री डॉक्टरच होता. प्रत्यक्षात मात्र ते परिचारिकेच्या वाट्याला येत राहिले. कागद आणि प्रत्यक्ष यांच्यातील हे अंतर कसे पडले, ते पाहण्याचा येथे विचार आहे.

मरण घरी येत असे तेव्हा हा प्रश्नच नव्हता. श्वास बदलला, पाय गार पडले, की घरातील वडीलधाऱ्यांना कळत असे. घोंगडी, तुळशीपत्र, गंगाजल यांची तयारी न सांगता होई. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत माधवरावांच्या अखेरच्या आजाराचे वर्णन आहे. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले ते स्वतःच्या घरी, आपल्या माणसांत. शुश्रूषा करणारी आणि जिच्यावर आघात झाला ती स्त्री तेथे एकच होती. बातमी पोहोचवावी लागते ती माणूस घरापासून दूर मरू लागतो तेव्हा. आणि माणसे घरापासून दूर मोठ्या संख्येने मेली ती आधी युद्धांत. म्हणून या कथेचा आरंभ लष्करी रुग्णालयापासून करावा लागतो.

क्रिमियन युद्धाच्या वेळी, ४ नोव्हेंबर १८५४ रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील बराकीच्या इस्पितळात शत्रूच्या गोळीपेक्षा जुलाब, हगवण आणि ताप यांनी कितीतरी अधिक शिपाई मरत होते. १८५५च्या फेब्रुवारीत तर मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२पर्यंत चढले होते. हातात दिवा घेतलेली त्यांची आकृती आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. फेरी आटोपल्यावर त्याच दिव्याच्या उजेडात त्या काय करीत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या पत्रे लिहीत. इंग्लंडातील खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आया आणि बायका यांना तुमचा माणूस गेला, तो केव्हा गेला, अखेरीस कोणाची आठवण काढीत होता, त्याचा किती पगार येणे आहे, त्याच्या वस्तू कोणत्या मार्गाने मिळतील, असा तपशील त्या पत्रांत असे. उलट दिशेनेही पत्रे येत. नवऱ्याचे महिनोन्‌महिने पत्र नाही, तो आपल्या इस्पितळात आहे काय, असे विचारणाऱ्या बायकांची. अधिकाऱ्यांच्या घरी बातमी लवकर पोहोचे. साध्या शिपायाच्या घराची आस्था लष्करी यंत्रणेला फारशी नव्हती. ती पोकळी एका स्त्रीने आपल्या टाकाने भरून काढली. हे काम तिला कोणत्याही आदेशाने सोपविलेले नव्हते.

पगार आणि वस्तू यांचा उल्लेख मृत्यूच्या पत्रात काहींना रुक्ष वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या माउलीला लिहिता-वाचता येत नाही आणि जिचा एकुलता कमावता मुलगा हजारो मैलांवर गेला, तिला सांत्वनाइतकीच थकलेल्या पगाराची माहिती हवी असते. आणि ती देणाऱ्याने आपल्या मुलाला खरोखर ओळखले होते, ही खूणही त्यातूनच पटते.

पुढे १८५९ साली नाइटिंगेलबाईंनी शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाला भेटायला येणाऱ्यांच्या पोकळ आशावादावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. बरे होणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसाला "तुम्ही लवकरच हिंडूफिरू लागाल" म्हणणाऱ्यांची त्यांना चीड होती. अशा बोलण्याने रोगी अधिकच एकटा पडतो, असे त्यांचे निरीक्षण होते. डॉक्टर आणि नातलग खोलीच्या दाराशी उभे राहून कुजबुजतात, ती कुजबूज म्हणजे तर त्यांच्या दृष्टीने निव्वळ क्रौर्य. रोग्याचे कान दाराकडे लागलेले असतात. आपल्याकडच्या इस्पितळांच्या व्हरांड्यांत ज्यांनी उभे राहून पाहिले आहे, त्यांना हे निरीक्षण जुने झालेले वाटणार नाही.

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ, कारण तेथे हाच प्रश्न नियमांच्या भाषेत लिहिला गेला. अमेरिकेतील डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना १८४७ साली फिलाडेल्फिया येथे स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने आपली आचारसंहिता प्रसिद्ध केली. डॉक्टराने निराशाजनक भाकिते करीत सुटू नये, धोका खरोखरच आला तर रुग्णाच्या आप्तांना वेळेवर सूचना द्यावी, असे त्या संहितेत आहे. पण प्रत्यक्ष रुग्णाला सांगण्याची वेळ आली, तर ते काम डॉक्टराच्या तोंडून फार भयंकर वाटते, म्हणून पुरेशी समज आणि नाजूकपणा असलेली दुसरी एखादी व्यक्ती मिळत असेल तर डॉक्टराने ते तिच्यावर सोपवावे, असाही सल्ला तीत दिला आहे. दुसरी व्यक्ती म्हणजे कोण, हे संहितेने सांगितले नाही. ते पंधरा वर्षांनी एका वॉर्डात उघड झाले.

डिसेंबर १८६२. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतील जखमी राजधानी वॉशिंग्टनलगतच्या जॉर्जटाऊन येथे आणले जात होते. एका जुन्या हॉटेलचे तेथे इस्पितळ केले होते. तेथे लुइसा मे अल्कॉट नावाची तीस वर्षांची अविवाहित स्त्री परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाली होती. हीच पुढे 'लिट्ल विमेन'ची लेखिका म्हणून जगाला ठाऊक झाली. तिची नोकरी जेमतेम सहा आठवडे टिकली, कारण तिलाच विषमज्वराने गाठले. परंतु तेवढ्या अनुभवावर तिने १८६३ साली 'हॉस्पिटल स्केचेस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. नावे बदललेली आहेत, थोडा कथेचा मुलामा आहे, तरी आतला मजकूर अनुभवाचा आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही.

त्या पुस्तकात जॉन नावाचा व्हर्जिनियाचा एक लोहार आहे. धिप्पाड, शांत, तक्रार न करणारा. म्हणून हा वाचेल असा परिचारिकेचा समज. ती डॉक्टरांना विचारते की, सर्वांत अधिक यातना कोणाला आहेत? डॉक्टर जॉनकडे निर्देश करतात आणि त्याला आशा नाही असे सांगतात. एवढ्यावर ते थांबत नाहीत. हे जॉनला लवकर सांगायला हवे, ते तुम्हीच सांगा, स्त्रियांना अशा गोष्टी हळुवारपणे सांगता येतात, अशा अर्थाचे बोलून ते निघून जातात. १८४७च्या संहितेतील 'दुसरी व्यक्ती' ती हीच. तिला शिक्षण नव्हते, हाताखाली कुणी नव्हते आणि तिच्या बोलण्याचे मोल डॉक्टरांच्या लेखी फारसे नव्हते. पण जगातील सर्वांत कठीण वाक्य बोलण्यास तीच लायक ठरली.

पुढे काय झाले ते मुळातून वाचण्यासारखे आहे. अल्कॉट ते वाक्य आपण होऊन बोलतच नाही. ती त्याच्याजवळ बसते, त्याचे अंग पुसते, जखम बांधली जात असताना त्याला आधार देते. मग एका क्षणी जॉनच तिला विचारतो की, ही माझी पहिलीच लढाई, तीच शेवटची ठरणार असे यांना वाटते का? आणि ती आडपडदा न ठेवता होकार देते. नंतर ती विचारते, आईला लिहू का? तो म्हणतो, आईला नको, धाकट्या भावाला लिहा; तो तिला नीट समजावून सांगेल. म्हणजे डॉक्टराने परिचारिकेला सांगितले, परिचारिकेने रुग्णाला, रुग्णाने परिचारिकेच्या हातून भावाला आणि भावाने आईला. बातमी एकेक पायरी उतरत गेली आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी ती झेलून थोडी मऊ केली. आपल्याकडे तार आली की ती आधी शेजारच्या काकांच्या हाती पडावी असे घरचे लोक पाहत. त्याहून हे वेगळे नाही. भावाचे उत्तर आले ते जॉन गेल्यावर तासाभराने. परिचारिकेने ते पत्र त्याच्या हातात ठेवले आणि ते त्याच्याबरोबरच गेले.

त्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. सैनिकाच्या गळ्यात ओळखपट्टी नव्हती आणि नातलगांना कळविण्याची भरवशाची सरकारी व्यवस्था नव्हती. परिणामी खाटेजवळ जो कोणी असेल, मग ती परिचारिका असो, धर्मोपदेशक असो की शेजारचा जखमी असो, त्याने घरी पत्र लिहायचे अशी रीतच पडली. या पत्रांचा साचा ठरून गेला होता. तो शुद्धीवर होता, त्याला आपले मरण ठाऊक होते, त्याने ते स्वीकारले होते, तुमचे नाव घेतले, देवाचे नाव घेतले, फार त्रास झाला नाही. त्या काळच्या ख्रिस्ती कुटुंबाला हे कळणे अत्यावश्यक होते, कारण मरणसमयीच्या वृत्तीवरून परलोकातल्या भेटीची आशा ठरत असे. "शेवटी तोंडात नाव होतं का?" हा आपल्या आजीचा प्रश्न वेगळ्या धर्मात, वेगळ्या खंडात तसाच विचारला जात होता.

युद्धभूमीवर जखमींची सेवा केलेल्या क्लारा बार्टन यांनी युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनमध्ये बेपत्ता सैनिकांच्या शोधासाठी कचेरीच थाटली. १८६८पर्यंत तिच्याकडे ६३ हजारांवर पत्रे आली आणि सुमारे २२ हजार सैनिकांचे काय झाले ते कुटुंबांना कळू शकले. बहुतेकांची बातमी मृत्यूचीच होती. तरी ती मागणाऱ्यांची रांग हटली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धात हे काम अधिक संघटित झाले. ब्रिटिश रेड क्रॉसने जखमी व बेपत्ता सैनिकांच्या चौकशीचा विभागच उघडला. गरट्रूड बेल यांच्यासारख्या विदुषीने १९१४च्या अखेरीस बूलोन येथे त्याच्या नोंदी लावून दिल्या. तळावरील सिस्टर्स मृत शिपायांच्या घरी पत्रे लिहीत, आणि त्या पत्रांत "त्रास झाला नाही" हे वाक्य इतक्या वेळा येते की इतिहासकार त्यावर विश्वास ठेवायला तयार नसतात. आतड्यात गोळी लागलेला माणूस त्रासाशिवाय कसा जाईल? प्रश्न बरोबर आहे. तरी या पत्रांना आम्हांस खोटी म्हणवत नाही. त्या सिस्टरने एका आईसाठी जे निवडले ते निवडले. तिचे ऐकणारे दुसरे कुणी नव्हते आणि रात्री आणखी पत्रे लिहायची होती. मात्र हेही खरे की कुटुंबे भोळी नव्हती. व्हेरा ब्रिटन ही स्वतः परिचारिका. तिचा वाग्दत्त वर रोलंड लेटन २३ डिसेंबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये लूव्हँकूर येथे जखमांनी गेला, आणि तो नाताळच्या रजेवर येईल म्हणून वाट पाहत असलेल्या तिला २६ तारखेला ते कळले. आपल्यासाठी त्याने शेवटी काही निरोप ठेवला काय, याचा शोध घेत ती कितीतरी दिवस तळमळत राहिली. इतरांच्या घरांसाठी जे शब्द परिचारिका जुळवीत, ते तिच्या स्वतःच्या हाती पडले तेव्हा तिला पुरले नाहीत.

याच युद्धात ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी इस्पितळ होते. मुदपाकखाने जातिधर्मांप्रमाणे निरनिराळे होते, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत होत्या. सरकारने पुष्कळ काळजी घेतली होती. परंतु हिंदी शिपायांची शुश्रूषा गोऱ्या स्त्रियांनी करू नये असा वरिष्ठांचा आग्रह होता. त्यांचे काम देखरेखीपुरते ठेवले गेले आणि पुढे तेही काढून घेतले. शिपायाचे घरचे पत्र कुणी साक्षर सोबती किंवा लेखनिक लिहून देई आणि ते सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. रात्रभर जवळ बसलेल्या स्त्रीने आईला लिहिलेले पत्र, ही गोष्ट मात्र ब्रायटनहून पंजाबच्या खेड्यात जाण्याची वाट बंद होती.

आतापर्यंतच्या कथेत परिचारिका बोलते आहे, लिहिते आहे. गंमत अशी की तिचा व्यवसाय जसजसा प्रतिष्ठित होत गेला तसतशी ती गप्प झाली. १८९३ साली डेट्रॉइट येथील एका परिचारिका विद्यालयाने शपथ तयार केली आणि तिला नाइटिंगेलबाईंचे नाव दिले. ती त्यांनी लिहिलेली नाही. त्या शपथेत डॉक्टराला निष्ठेने साह्य करण्याचे आणि कुटुंबाच्या गोष्टी गुप्त ठेवण्याचे वचन होते. वचन उत्तम, परंतु व्यवहारात त्याचा अर्थ 'मला काही ठाऊक नाही, डॉक्टरांना विचारा' असा झाला. आणि डॉक्टर तरी कुठे सांगत होते? १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत जवळजवळ ९० टक्के डॉक्टर कर्करोगाच्या रुग्णाला रोगाचे नाव न सांगण्याच्या बाजूचे निघाले. (१९७९मध्ये तशाच पाहणीत ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत इतके मतपरिवर्तन आम्ही दुसऱ्या कोणत्याही खात्यात पाहिले नाही.)

या मौनाच्या काळात खाटेजवळ काय चाले, याचे चित्र बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील सहा रुग्णालयांत त्यांनी मरणासन्न रुग्णांभोवतीची माणसे न्याहाळली. कुठे रुग्णाला काहीच ठाऊक नसते. कुठे त्याला संशय असतो आणि तो चाचपून पाहतो. कुठे सर्वांना सर्व ठाऊक असते आणि तरी सर्वजण सोंग वठवीत असतात. कुठे मोकळेपणाने बोलणे होते. या चारांतील तिसरा प्रकार वाचताना आपल्या ओळखीची किती घरे डोळ्यांसमोर येतात! त्या सोंगात सर्वांत अवघड भूमिका परिचारिकेची. डॉक्टर दिवसातून एकदा येतो, नातलग घरी जाऊन रडू शकतात; ती आठ तास तेथेच. मग ती उशा नीट करते, सलाइनच्या थेंबांकडे टक लावते, हवेपाण्याच्या गोष्टी काढते. त्याच संशोधनात जीन क्विंट ही मूळची परिचारिका सहभागी होती. तिने १९६७च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, परिचारिकांच्या शिक्षणात प्राण वाचविण्याच्या क्रिया भरपूर होत्या, पण मरणाऱ्याशी किंवा त्याच्या माणसांशी कसे बोलावे याचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच.

त्याच १९६७ साली लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. ते उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांची वाट या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या नाइटिंगेलच्याच विद्यालयात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले तेव्हा रुग्णालयीन समाजसेविका झाल्या. १९४८मध्ये वॉर्सॉहून आलेला डेव्हिड टास्मा हा एकाकी ज्यू निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कर्करोगाने वारला. त्याला नातलग नव्हते. दोघे तासन्‌तास बोलत. त्याने ५०० पौंड ठेवले आणि तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन असे सांगितले. परंतु परिचारिकेचे आणि समाजसेविकेचे कोण ऐकणार? म्हणून त्या वैद्यक शिकल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. परिचारिकेला जे ठाऊक होते ते जगाला ऐकू यावे म्हणून तिला आधी डॉक्टर व्हावे लागले, ही गोष्ट आम्हांस खुद्द हॉस्पिसच्या स्थापनेइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांच्या संस्थेत कुटुंब हे भेटीच्या वेळेपुरते सहन करायचे पाहुणे नव्हते. रुग्णाबरोबर त्याची माणसेही संस्थेच्या देखभालीखाली येत, आणि मृत्यूनंतरही संबंध तुटत नसे.

आपल्या देशात परिचारिकेच्या पेशाकडे भल्या घरांनी प्रारंभी नाक मुरडले. १९०९ साली पुण्यास सेवासदन स्थापन झाल्यावर रमाबाई रानड्यांनी विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून इस्पितळात शुश्रूषेच्या शिक्षणासाठी पाठविण्याचा उद्योग आरंभला, तेव्हा त्यांना घरोघरी समजूत घालावी लागली. पुढे केरळातील मुली भारतभरच्या इस्पितळांत दिसू लागल्या, आणि आज उत्तर भारतातल्या कोणत्याही मोठ्या इस्पितळात रात्रीची सिस्टर मल्याळी असण्याचा संभव मोठा.

आपल्याकडची अडचण पाश्चात्त्यांहून उलटी आहे. तेथे डॉक्टर कुटुंबाला सांगे आणि रुग्णापासून लपवी, म्हणून चळवळ झाली. येथे कुटुंबच डॉक्टरांना गाठून म्हणते, "त्यांना सांगू नका, खचतील." मग वॉर्डात नातलग एका बाजूने आणि रुग्ण दुसऱ्या बाजूने सिस्टरला एकाच दिवशी शपथ घालतात. रुग्ण विचारतो, "सिस्टर, खरं सांगा." मुलगी विचारते, "बाबांना काही कळलं नाही ना?" ती दोघांनाही सांभाळते. या गाठीची उकल करण्याची पद्धतशीर सुरुवात मुंबईच्या वांद्रे येथे १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी उघडलेल्या शांती अवेदना आश्रमात झाली. गोव्यात लोटली येथे त्याची शाखा निघाली. १९९३ साली कालिकतला वेदनाशामक सेवेची संस्था सुरू झाली आणि तिच्यातून केरळभर जे जाळे पसरले, त्याचा कणा म्हणजे घरोघरी जाणारी परिचारिका. २००८मध्ये केरळ शासनाने त्यासाठी धोरण जाहीर केले. या परिचारिका कुटुंबाला 'सांगा' असा उपदेश करीत नाहीत. त्यांना आधी काय ठाऊक आहे, ते विचारतात. बहुधा असे निघते की रुग्णाला सारे ठाऊक आहे आणि तो घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प आहे.

कुटुंब म्हणजे कोण, हाही प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला आणि त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. इच्छामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्यायालयाने म्हटले की, ज्यांनी सदतीस वर्षे सांभाळले ते रुग्णालयाचे कर्मचारीच त्यांच्या वतीने बोलण्यास पात्र आहेत. वॉर्डातील परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांनी आपल्या सहकारी स्त्रीला सोडले नाही. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या तेव्हा जवळचे माणूस म्हणून तेथे परिचारिकाच होत्या.

सारे ठरवून, छापील पद्धतीने करू गेले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. इंग्लंडात हॉस्पिसमधील उत्तम रीती सर्व रुग्णालयांत याव्यात म्हणून लिव्हरपूल येथे एक कार्यपद्धती तयार झाली. हळूहळू ती रकाने भरण्याचे काम झाली. आपला माणूस मरणोन्मुख ठरविला गेला हे कुटुंबाला कुणी सांगितलेच नाही, अशा तक्रारी उठल्या. जुलै २०१३मध्ये बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या समितीचा अहवाल आला आणि ती पद्धत गुंडाळली गेली. तपासणी-तक्त्यावर खूण झाली म्हणजे संभाषण झाले असे होत नाही, हे आमच्यासारख्या फायली हाताळलेल्यांना कुणी वेगळे सांगायला नको.

आणि २०२०-२१. करोनाच्या वॉर्डात आप्तांना प्रवेश नव्हता. संरक्षक पोशाखात घामाने निथळणारी, चेहरा न दिसणारी परिचारिका आपल्या हातात फोन धरून रुग्णाच्या कानाशी नेत होती आणि पलीकडे घर बोलत होते. स्कुटारीचे काम एका क्षणात परत आले होते. फरक इतकाच की पत्राला आठवडे लागत, येथे रडणे त्याच क्षणी ऐकू येई आणि ऐकणाऱ्या परिचारिकेला तेथून हलता येत नसे.

एक गोष्ट आपणां बृहन्महाराष्ट्रीयांपुरती. आयुष्यभर इंदुरी हिंदी, बडोद्याची गुजराती किंवा हैदराबादची उर्दू सफाईने बोलणारा माणूस अखेरच्या दिवसांत पुष्कळदा ते सारे विसरतो आणि आजोळच्या मराठीत बोलू लागतो. शेजारी उभी असलेली सिस्टर केरळची किंवा छत्तीसगडची. रात्री अडीच वाजता तो काहीतरी मागतो, कुणाला तरी हाक मारतो. सकाळी घरचे विचारतात, "काही म्हणाले का?" ती प्रामाणिकपणे सांगते, "कुछ बोल रहे थे, समझ में नहीं आया." आमच्या नात्यातील एका वृद्धांच्या बाबतीत, येथल्याच एका इस्पितळात, नेमके असे घडले, त्यांच्या मुलांना अजून ते लागून राहिले आहे. त्यात त्या मुलीचा काय दोष? अलीकडे आमच्या परिचयातील एका घराने वेगळा मार्ग काढला. खाटेच्या कडेला त्यांनी एक पुठ्ठा बांधला आणि त्यावर नागरीत मोठ्या अक्षरांत शब्द लिहून पुढे हिंदी अर्थ दिला. तहान, कूस, उजेड, दुखतंय, अक्का, दादा, दार लोटू नका. खाली लिहिले होते की, याखेरीज काही बोलले तर जसे ऐकू येईल तसे कृपया आपल्या लिपीत लिहून ठेवावे. तिसऱ्या रात्री त्या पुठ्ठ्याच्या मागे मल्याळम अक्षरांत दोन ओळी आढळल्या. घरच्यांनी सकाळी त्या सिस्टरकडूनच वाचून घेतल्या. तिला अर्थ कळला नाही, ऐकणाऱ्यांना कळला. गावाकडच्या विहिरीवरचा रहाट कुणी सोडला का, असे ते विचारीत होते.